चवीच्या वहीतला माझा शेरा

मुलीचा डबा जसाच्या तसा परत यायला लागला तेव्हा आधी मला तिची काळजी वाटली. कारण कळल्यावर मात्र राग आला. ती उपाशी नव्हती. शाळेत पोटभर जेवत होती, आणि तेही खिचडी! घरी खिचडी म्हटलं की जिच्या पोटात दुखायला लागतं, ती पोरगी शाळेत दोनदा वाढून घेते, हे तिच्या वर्गाच्या बाईंनी मला फाटकाशी हसत हसत सांगितलं. मीही हसले. घरी येऊन डब्यातली पोळी आणि बटाट्याची भाजी ओट्याशी उभ्याउभ्याच संपवली. घासाघासाला ती खिचडी करणारी बाई डोळ्यांपुढे येत होती. खरं तर तोवर मी तिला पाहिलंही नव्हतं.

आयुष्यात मी बरेच हेवे केलेत. जावेच्या मॉड्युलर किचनचा केला, मैत्रिणीच्या दाट केसांचा केला. पण एखाद्या पातेल्याचा हेवा वाटेल असं कधी मनात आलं नव्हतं.

आम्ही कांजूरमार्गला राहतो. मुलगी घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत, मराठी माध्यमात, दुसरीत आहे. मी मुलुंडला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. सकाळी पाचला उठून स्वयंपाक करते, आणि चांगला करते, हे मी स्वतःच सांगते कारण बाकी कोणी सांगत नाही. मुलीला भरवणं हा आमच्या घरातला रोजचा तमाशा होता. एक घास घेऊन मी तिच्या मागे फिरायची. मोबाइल लावून द्यायची, गोष्टी सांगायची, शेवटी धमकी द्यायची. घास गालात धरून ती माझ्याकडे बघत बसायची आणि मी तिच्या गालाकडे. घाटकोपरहून माझी आई फोनवर मालवणीत म्हणायची, "अगो, भूक लागली की खातला चेडू. तू कित्याक मागे लागतंस?" आईचं ऐकायची मला सवय नाही.

शाळेतल्या जेवणाबद्दल माझ्या मनात एक अढी होती, ती लपवण्यात अर्थ नाही. ते ज्यांच्या घरी चूल पेटायची पंचाईत त्यांच्यासाठी असतं, असं मी धरून चालले होते. पालकसभेत मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ती काढून टाकायचा प्रयत्न केला. पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाला जेवण मिळतं. त्यासाठी फॉर्म भरायचा नाही, दाखला आणायचा नाही, वडील काय करतात ते कोणी विचारत नाही. ताट घरून आणायचं, नसेल तर शाळेतलं घ्यायचं. कोणाला काही सोसत नसेल तर वर्गाच्या बाईंना सांगून ठेवायचं. वार आणि पदार्थ फाटकाजवळच्या भिंतीवर रंगवलेत. सोमवारी मुगाच्या डाळीची खिचडी, मग वाटाण्याचा पुलाव, मटकीची उसळ आणि भात, मध्ये एखाद्या दिवशी केळं. स्वयंपाक वस्तीतल्या बायकांचा बचत गट करतो आणि पातेली टेम्पोतून शाळेत येतात.

"आणि एक काम तुमचं," मोठ्या बाई म्हणाल्या. "रोज एका आईनं यायचं. मुलांच्या आधी चव घ्यायची, वहीत लिहायचं आणि सही करायची. तुमची सही झाल्याशिवाय पातेल्यात डाव जात नाही. आम्ही शिक्षकही चाखतो, पण आईची जीभ वेगळी."

बायका हसल्या. मी नाव द्यायला उठले नाही. डबा द्यायचाच असं ठरवून घरी आले, आणि तो डबा महिनाभर भरलेला परत आला.

खरा त्रास खिचडीचा नव्हता, मावशीचा होता. बचत गटातल्या, वाढायला येणाऱ्या बाईला पोरं मावशी म्हणायची. आमच्या घरी मग दिवसरात्र मावशीपुराण सुरू झालं. मावशीची साडी निळी असते. मावशी केसांवर टोपी घालते, डॉक्टरसारखी. मावशीच्या हातात इतक्या मोठ्या बांगड्या असतात. आणि एकदा, मी वेणी घालत असताना, आरशातून माझ्याकडे बघत मुलगी म्हणाली, "आई, मी ना मावशीची लाडकी आहे."

"कशावरून?"

"ती मला न मागता परत वाढते. बाकीच्यांना मागावं लागतं."

मी वेणी जरा जास्तच घट्ट घातली. ती ओरडली.

त्या रविवारी मी हट्टाला पेटून खिचडी केली. मुगाची डाळ भाजून घेतली, वरून साजूक तूप, बाजूला भाजलेला पापड. मुलीनं एक चमचा खाल्ला, विचार केला आणि म्हणाली, "मावशीसारखी नाही झाली." नवरा ताटात मान घालून हसत होता. "अगं, तुझ्या खिचडीत सगळं आहे," तो म्हणाला, "फक्त शाळा नाहीये." मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाऊन चवीच्या यादीत माझं नाव घातलं.

माझी पाळी आली त्या दिवशी मी दवाखान्यात सुट्टी टाकली. लेकीच्या शाळेतली खिचडी चाखायला सुट्टी! मुलीला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, उद्या मी येणार आहे हं, तुमच्या शाळेत, सगळ्यांच्या आधी मी खाणार. ती खूश झाली होती. मी चांगली साडी नेसले होते. का, ते मलाच ठाऊक.

व्हरांड्यात पट्ट्या अंथरल्या होत्या. टेम्पोतून पातेली उतरली आणि मावशी आली. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल, सडपातळ, दमलेली. बांगड्या काही तितक्या मोठ्या नव्हत्या. दुसरीचा वर्ग व्हरांड्याला लागूनच आहे. पातेल्याचं झाकण वाजलं आणि खिडकीच्या गजातून माझ्या मुलीचा आवाज आला, आनंदानं फुटलेला, "मावशी आली रे!"

मी पातेल्याशेजारी उभी होते. त्या खिडकीपासून दोन हातांवर. चांगली साडी नेसून.

"घ्या ताई," म्हणत मावशीनं वाटीत खिचडी दिली. मी चमचा तोंडात घातला. खिचडी चांगली होती. साधी, मऊ, जिऱ्याची, मीठ अगदी बेतशीर. शे-दीडशे मुलांच्या पातेल्यात मिठाचा अंदाज इतका बरोबर येणं ही गंमत नाही, हे स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही कळेल. मला ते कळलं आणि त्याचाच संताप आला. मी वही ओढली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'डाळ कच्ची. मीठ जास्त.' खाली झोकात सही केली.

एखादी खडूस सासू सुनेला ऐकवते, तसं मी ऐकवलं होतं. ऐकवायचं आणि विषय संपवायचा. पुढं काय होईल याचा मी विचारच केला नव्हता. खरं तर मोठ्या बाईंनी सभेत सगळं सांगितलं होतं, पण मी तेव्हा अढी कुरवाळत बसले होते.

मावशीनं वही वाचली. वाद घातला नाही. हातात घेतलेला डाव तिनं उलटा करून झाकणावर ठेवला आणि ती मोठ्या बाईंना बोलवायला गेली. तेवढ्यात घंटा झाली. पोरं हात धुऊन आली आणि ताटं पुढ्यात घेऊन पट्ट्यांवर बसली. श्लोक म्हणून झाला. पातेल्यावर झाकण तसंच.

मोठ्या बाई आल्या. त्यांनी शेरा वाचला, स्वतः चमचाभर खाल्लं आणि माझ्याकडे पाहिलं. "मला तर बरी लागतेय. पण आईनं कच्ची लिहिलंय. उद्या एखाद्याचं पोट बिघडलं तर ही वही पहिली उघडतील. मला नाही वाढता येणार." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "यांच्या गटावर असा एकही शेरा नाही आजवर. असे शेरे पडले तर काम दुसऱ्या गटाला जातं."

मावशीनं वाटीतला डाळीचा दाणा उचलला, अंगठा आणि बोटात धरून चेपला, आणि हात माझ्यापुढे केला. दाण्याचं पीठ झालं होतं. "बघा ना ताई," एवढंच ती म्हणाली.

मी बघितलं नाही. पोरांकडे बघितलं. पहिलीतल्या एका मुलीनं रिकामं ताट टोपीसारखं डोक्यावर घेतलं होतं आणि बाकीच्या हसत होत्या. पलीकडची एक मुलगी हसत नव्हती. ती झाकणाकडे बघत होती. तिनं विचारलं, "बाई, आज नाहीये का?" मग तिनं ताट उचलून दप्तरात भरायला घेतलं, अगदी शांतपणे. उपाशी राहायची वेळ तिच्यावर पहिल्यांदा आलेली नव्हती, ते स्पष्ट दिसत होतं. आणि त्याच रांगेत माझी मुलगी बसली होती. माझी नजर तिच्या नजरेला भिडली. तिनं हात हलवला. इतक्या जणांचं जेवण तिच्या आईनं अडवलंय हे तिला ठाऊक नव्हतं.

माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"डाळ शिजलीय," मी म्हणाले. "मीठही बरोबर आहे. मी खोटं लिहिलं."

मोठ्या बाईंनी का म्हणून विचारलं नाही. शेरा खोडायला मी पेन उचललं तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "खाडाखोड नको. खाली लिहा." मग मी खाली लिहिलं, 'वरचा शेरा चुकीचा आहे. डाळ शिजलेली आहे, मीठ बरोबर आहे. मुलांना वाढावे.' पुन्हा सही केली. या वेळी झोकात नाही. मावशीनं डाव सरळ केला आणि वाढायला लागली. ती ताट दप्तरात भरणारी मुलगी तिसरी होती रांगेत. तिच्या ताटात खिचडी पडलेली मी बघितली आणि मग भिंतीकडे तोंड केलं.

जेवणं उरकल्यावर मावशी नळाशी पातेली घासत होती. मी जाऊन उभी राहिले. माफी मागायची होती. ती मागितली, तर ती म्हणाली, "जाऊ द्या ताई, पोरं जेवली ना." मग माझ्याच्यानं राहवेना. मी विचारलं, "माझी मुलगी तुमचं फार नाव घेते. घरी काही खात नाही, तुमच्याकडे दोनदा घेते. काय करता तुम्ही?"

"कुठली हो तुमची?"

"दुसरीतली. दोन वेण्या. उजव्या गालावर तीळ आहे."

मावशी विचारात पडली. पातेल्यावरची घासणी थांबली. "नाही लक्षात येत ताई," ती ओशाळून म्हणाली. "एवढी पोरं. मी तोंडं बघतच नाही, ताटं बघते. रिकामं दिसलं की वाढते आणि पुढं जाते. थांबले तर शेवटच्या रांगेपर्यंत खिचडी गार होते."

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला आनंदच झाला. तिला माझी मुलगी ठाऊकच नव्हती! महिनाभर मी जिच्यावर जळले, तिनं माझ्या लेकीचा तीळही पाहिला नव्हता. मग आमच्या घरातलं जेवण आठवलं. माझ्या हातातला घास, तिचा फुगलेला गाल आणि त्या गालावर रोखलेले माझे डोळे. मावशी वाढून पुढं जायची. मी कधी पुढं गेलेच नव्हते.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी चालत घरी निघालो. मुलगी उड्या मारत होती. आई, तू आधी खाल्लीस ना, कशी होती? छान होती, मी म्हणाले. बघ, मी सांगत होते ना तुला, ती म्हणाली. नाक्यावर सिग्नलपाशी तिनं माझं बोट धरलं आणि वर बघितलं.

"आई, मावशी तुझ्याशी बोलत होती ना? ती म्हणाली का तुला, मी तिची लाडकी आहे?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. खरं उत्तर. तिला तू कोण तेही माहीत नाही, बाळा. एवढं बोलले असते की मावशीपुराण तिथंच संपलं असतं आणि लेक पुन्हा माझी एकटीची झाली असती. सिग्नल सुटला तरी मी उभीच होते. ती वाट बघत होती. हसू आवरताना तिच्या गालावरचा तीळ ताणला गेला होता.

"म्हणाली," मी म्हणाले. "सगळ्यात लाडकी."

तिनं माझं बोट सोडलं आणि पुढं पळाली.