सरावाची बाई

परदेशातल्या शाळेसाठी मूल तयार झाले आहे, हे कशावरून ठरवायचे? या प्रश्नाचे उत्तर काढण्यासाठी मी सहा आठवडे नारायण पेठेतल्या एका घरी जात होते. उत्तर मला शेवटच्या दिवशी सहा वर्षांच्या मुलीने दिले. पराठा चावत, अगदी आनंदाने.

"बाई, आज्जी म्हणते, तुमच्याशेजारी बसून जेवता आलं, की मला जगात कुणाहीशेजारी जेवता येईल."

मी हातातला घास डब्यात परत ठेवला. मुलगी शाबासकीची वाट पाहत होती.

मी प्राथमिक शाळेची शिक्षिका. बावीस वर्षे पहिलीचा वर्ग घेतला. लोणी काळभोरहून बसने यायचे. माझे आडनाव असे आहे, की ते सांगितल्यावर समोरच्याला पुढे काही विचारावे लागत नाही.

मुलीच्या वडिलांना हॉलंडमध्ये नोकरी लागली होती. मायलेकी मागाहून जाणार होत्या. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "अक्षरं येतात तिला. तुम्ही तिची मधली सुट्टी तयार करा." मला हे वाक्य फार आवडले. बहुतेक पालकांना फक्त इंग्रजी हवे असते. परक्या देशात मूल वर्गात रडत नाही, मधल्या सुट्टीत रडते, हे फार थोड्यांना कळते.

मी यादी केली. डब्याचे झाकण स्वतः उघडणे. अर्ध्या तासात जेवण संपवणे. सांडलेले स्वतः पुसणे. शू लागली तर न लाजता सांगणे. 'मला समजलं नाही' हे वाक्य न रडता म्हणणे. शेवटचे सर्वांत अवघड. ते रोज एकदा म्हणवून घ्यावे.

जेवणाचा सराव गॅलरीत व्हायचा. त्यासाठी घडीचे नवे टेबल आणले होते. मी वर्गमैत्रीण व्हायचे. "तुमचा डबा तुम्हीच आणा, शाळेत तसंच असतं," आई म्हणाली. मला पटले. तिसऱ्या आठवड्यात मुलीने माझ्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीत बोट बुडवले. आजींनी आतून येऊन तिचा हात ओढला आणि मोरीत नेऊन साबणाने धुतला. आई घाईने म्हणाली, "तिकडे ॲलर्जीमुळे डबे वाटून खायला बंदी असते ना." मी यादीत सहावी ओळ लिहिली: दुसऱ्याच्या डब्यात हात न घालणे.

त्याच आठवड्यात मुलीची आतेबहीण आली. दोघी आतल्या मोठ्या टेबलावर एका ताटात जेवल्या. ॲलर्जीचे नाव कोणी काढले नाही. हे मी पाहिले. पाहिलेले यादीत लिहिले नाही. ती चूक माझी.

म्हणून शेवटच्या दिवशी मी आईला सरळ विचारले, "ही म्हणते ते खरं का?"

"अहो, त्यात वाईट काय? तिकडे वर्गात सगळ्या प्रकारची मुलं असणार. ही एकदम बिचकायला नको. तीन बायकांची नावं आली होती, मी मुद्दाम तुमचं निवडलं. उलट तुम्हाला बरं वाटायला हवं."

आतून आजी म्हणाल्या, "सहा आठवडे बसवलं की शेजारी. आणखी काय हवं?"

बावीस वर्षांचे माझे काम त्यांनी पाहिलेच नव्हते. आडनाव पाहिले होते. मुलीला तिकडे कुणाचीही शिसारी येऊ नये, म्हणून मला तिच्याशेजारी बसवले होते. लस टोचावी तसे. थोडे थोडे, रोज.

तिकडच्या शाळेला शिक्षिकेचे पत्र हवे होते. आईने ते छापूनच ठेवले होते. 'सर्व स्तरांतील मुलांत सहज मिसळते.' खाली माझे नाव, सहीपुरती जागा.

"सही करा, म्हणजे झालं."

मी कोरा कागद मागितला. पाच गोष्टींपुढे 'उत्तम येते' असे लिहिले. ते खरे होते. यादीतली सहावी ओळ गाळली आणि तिच्या जागी लिहिले: 'ज्याच्याशेजारी बसते, त्या माणसाला ती बरोबरीचे मानत नाही. हे तिला घरी शिकवले आहे. शेजारी बसलेली मीच होते.' खाली पूर्ण नाव, आडनावासकट.

मुलीचे आजोबा बाहेर आले आणि त्यांनी चष्मा लावून ते वाचले. "बाई, प्रगतिपुस्तक तिचं मागितलं होतं. आमचं नव्हे."

"तिचंच आहे. अभ्यास तुम्ही घेतलात."

त्यांनी कागदाची चौघडी करून तो रद्दीवर टाकला.

मुलीने विचारले, "बाई, मी नापास?"

"या एका विषयात, हो."

ती रडू लागली. बावीस वर्षांत रडणारे मूल मी असे सोडले नव्हते. त्या दिवशी सोडले. चपला घातल्या आणि जिना उतरले.

पत्र त्यांना दुसऱ्या कुणीतरी दिले. मुलगी हॉलंडला गेली. मुलीच्या आईच्या ओळखीची दोन घरे मला बंद झाली. मी 'फार कडक' आहे, असे कळले. आहेच. यापुढे सही माझी असेल, तर निरीक्षणही माझेच असेल. मूल शेजारच्याला बरोबरीचे मानते की नाही, ही सहावी ओळ मी प्रत्येक पत्रात लिहीन, मागितली नाही तरी. कोणत्याही मुलाच्या सरावासाठी मी बसणार नाही.

हे एका घराचे निरीक्षण आहे. ते पडताळावे, ही विनंती. आपल्याकडे कामाला किंवा शिकवायला येणाऱ्या बाईंबद्दल आपल्या मुलाला एकटे असताना विचारा: त्या आपल्या कोण? उत्तर दुरुस्त करू नका. जसेच्या तसे लिहून घ्या, आणि पुन्हा वाचा.