मशीनचा आवाज

बारामती एमआयडीसीतल्या आमच्या दूध डेअरीत तो अंथुर्ण्याहून मोटरसायकलवर येतो. मनाच्या मोठ्या आजारातून उठलेला. एका संस्थेनं कामाला लावलेला. दुधाची प्रत्येक पिशवी तळहातावर घेऊन हलकेच दाबून बघतो.

एकदा त्यानं पॅकिंगची मशीन थांबवली. "आतनं बारीक आवाज येतोय," म्हणाला.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. आजारात त्याला नसलेले आवाज ऐकू यायचे. मी सुपरवायझर, पटकन बोलून गेलो, "गोळी घेतली का रं?"

"घेतली, साहेब. त्ये आवाज मला नावानं हाका मारायचं. ह्यो न्हाय मारत. ह्यो मशीनचा हाय."

फिटरनं झाकण उघडलं. बेअरिंग गेलं होतं.

आता दुरुस्तीनंतर फिटर माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघतो. त्याची मान हलली, की मगच मशीन सुरू होते.