नऊवर अडकलेली मोजणी

जर्मनटाऊन ॲव्हेन्यूवर जे. एल. मॅपने तीसेक वर्षं ट्राम चालवली. एवढ्या काळात ट्राम काही रुळांवरून घसरली नाही. घसरायचा तो मॅप स्वतः, दर शनिवारी, लॅसिटरच्या सलूनमध्ये. कारण एकच : हेवीवेट मुष्टियुद्धाचा सर्व काळातला राजा कोण?

हा वाद फिलाडेल्फियात घरोघरी होता, पण तो निकालात काढायची शिस्तशीर पद्धत फक्त लॅसिटरकडे होती. दोन वेगवेगळ्या काळांतले विजेते, दोघंही ऐन भरातले, समोरासमोर उभे करायचे आणि लॅसिटरने केस कापता कापता त्यांची लढत फेरीमागून फेरी बोलून दाखवायची. गिऱ्हाइकाच्या अंगावर कापड पडलं की घंटा झाली. कापड झटकलं की लढत संपली. पंच लॅसिटर, आणि त्याच्या हातात वस्तरा असल्यामुळे सहसा कुणी हरकत घेत नसे. बंदी फक्त जो फ्रेझरला. तो आपल्याच शहराचा. घरचा माणूस कुणी पणाला लावतं का?

मॅप अलीचा भक्त. लॅसिटर जो लुईचा. पोस्टमन बॉयकिन वयाने दोघांच्या मुलासारखा, त्यामुळे टायसनचा.

त्या शनिवारी मॅप खुर्चीत बसला तेव्हा तिघांचंही रोजचं चालूच होतं.

"मिस्टर मॅप," बॉयकिन म्हणाला, "तुमचा अली आणि यांचा लुई, दोघं एकदम येऊ द्या. अंगातले झगे उतरवायच्या आत टायसन दोघांना झोपवील."

"बॉयकिन, तू आपली पत्रं वाट. तुझा टायसन म्हणजे ट्रामला लागलेली आग. दिसते झकास, पण त्या ट्रामने शेवटच्या थांब्याला कुणी पोचत नाही."

"आणि लुई?" लॅसिटरने मशीन सुरू केलं. "पंचवीस वेळा किताब राखला. जवळजवळ बारा वर्षं गादीवर."

"समोर कोण होतं? महिन्याला एक पोतं आणून उभं करायचे. अलीपुढे लिस्टन होता, फोरमन होता..."

"आणि आपला तो..."

"नाव घ्यायचं नाही!" मॅप ओरडला. "नियम म्हणजे नियम."

फ्रेझरने अलीला लोळवलं होतं हे सलूनमधल्या आरशालाही ठाऊक होतं, पण नियम मॅपच्या फार उपयोगी पडे.

तर अली विरुद्ध लुई. सात फेऱ्या बऱ्या गेल्या. अली नाचत होता, मॅपच्या डोक्याची डावी बाजू साफ होत होती. आठव्या फेरीत लॅसिटरच्या अंगात आलं. "लुई सरकतोय... सरकतोय... अलीचे हात खाली, नेहमीची खोड! आणि लुईचा उजवा ठोसा, आखूड, जेमतेम वीतभर... अली पडला!"

"खोटं! तो मागे झुकला असता!"

"एक... दोन... झुकायला उशीर झाला... पाच..."

"लॅसिटर, तू डोळे मिटून मोजतोयस!"

"सात... आठ... काय करणार, जे. एल.? थोर कोण ते तुझ्या बापालाच कळत होतं. उगाच का त्याने तुझं नाव जो लुई ठेवलं? नऊ..."

मशीन आपोआप थांबलं. बॉयकिनचं तोंड उघडंच राहिलं.

"जे. एल. म्हणजे जो लुई?" त्याने विचारलं, आणि सलूनभर असा हशा पिकला की रस्त्यावरची माणसं आत डोकावली.

मॅप उठला. खुंटीवरची टोपी घेतली, अर्ध्या कापलेल्या डोक्यावर दाबली आणि गळ्यात कापड तसंच ठेवून चालू लागला. ॲव्हेन्यूवरून एक पांढरं कापड फडफडत घरी गेलं.

नाव खरं होतं. मॅपचा बाप टोप्यांच्या कारखान्यात कामाला. अडतीस सालच्या जूनमध्ये लुईने नाझींच्या लाडक्या जर्मन मुष्टियोद्ध्याला पहिल्याच फेरीत आडवं केलं, तेव्हा रेडिओ संपायच्या आत अख्खी गल्ली रस्त्यावर नाचत होती आणि बाप त्यात सर्वांत पुढे. पुढे मुलगा झाला, तेव्हा नाव शोधायची गरजच पडली नाही. त्या वर्षांत आमच्या काळ्या वस्तीत जो लुई नावाची इतकी मुलं होती, की शाळेत एकाला हाक मारली तर पाच जण उठत.

मग सदुसष्ट साल आलं. अलीने लढाईवर जायला नकार दिला, किताब गमावला. पंचविशीतल्या मॅपला तो पर्वताएवढा वाटला. बाप म्हणाला, "आमच्या जोने गणवेश चढवला होता." मुलगा म्हणाला, "म्हणूनच तुमच्या जोला गोऱ्यांनी जवळ केलं." जेवणाच्या टेबलावर भाजलेली कोंबडी गार झाली. त्या दिवसापासून तो जे. एल. झाला. नाव बायकोला माहीत होतं, आणि एका हळव्या क्षणी त्याने ते लॅसिटरला सांगितलं होतं. बाप गेल्यावर वाद संपायला हवा होता, पण मॅप तो दर शनिवारी सलूनमध्ये पुढे चालवत राहिला. डोक्यावर टोपी मात्र बापानेच बनवलेली.

आता पंचाईत अशी, की उद्याचा सोडून पुढच्या रविवारी चर्चमध्ये, आलेल्यांना जागा दाखवणाऱ्या स्वागतकांचा वार्षिक दिवस होता आणि मॅप त्यांचा मुख्य. पांढरे हातमोजे घालून, साऱ्या मंडळींसमोरून, रांगेच्या अग्रभागी चालायचं. बोडक्या डोक्याने.

"दुसऱ्या न्हाव्याकडे जा," त्याची बायको एर्नेस्टाइन म्हणाली.

"छत्तीस वर्षांनी? लोक काय म्हणतील?"

"आत्ता काय म्हणतायत?"

"तू काप."

"मी लग्न तुझ्याशी केलंय, जे. एल., तुझ्या डोक्याशी नाही."

दुसऱ्याच दिवशीच्या रविवारी पाठदुखीचं निमित्त झालं. आठवडाभर मॅप घरातही टोपी घालून वावरला, मक्याची लापशी टोपीतच खाल्ली. त्याला राग नावाचा नव्हता. विश्वासाने सांगितलेली गोष्ट लॅसिटरने एका ठोशासाठी खर्च केली, याचा होता. आणि वर तो अली, बिचारा, शनिवारपासून नऊवर पडलेला.

शुक्रवारी एर्नेस्टाइनने ते कापड धुऊन, इस्त्री करून टेबलावर ठेवलं.

"हे त्याचं त्याला देऊन ये."

"दुसऱ्या कुणाबरोबर पाठव."

"बरं. पण मला एक सांग. कापड झटकल्याशिवाय तुमची लढत संपत नाही ना?"

"नाही."

"मग हे कुणी झटकलंय?"

मॅपने ती घडी उचलून दाराजवळ ठेवली.

शनिवारी दुपारी तो सलूनमध्ये शिरला, तेव्हा बॉयकिनसकट सगळे हजर होते. लॅसिटरची खुर्ची रिकामी होती.

"कापड परत करायला आलोय," मॅप म्हणाला.

"ते अंगावर घेतात. हातात नाही," लॅसिटर म्हणाला. "टोपी काढ."

मॅपने टोपी काढली. एका बाजूला रान, एका बाजूला शेत. बॉयकिनने हसू दाबण्यासाठी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, तेही उलटं. मॅप खुर्चीत बसला. लॅसिटरने कापड गळ्याभोवती बांधलं, जरा जास्तच हळुवारपणे.

"कुठे होतो आपण?"

"नऊवर," मॅप म्हणाला. "आठवडा झाला."

लॅसिटरने मशीन उचललं, पण सुरू केलं नाही. आरशात बघूनच तो बोलला. "मोजताना पंचाने दुसरं काही बोलायचं नसतं. मी बोललो. चूक पंचाची." मग घसा साफ करून म्हणाला, "आणि तो काही आडवा नव्हता. एका गुडघ्यावर होता. नऊला उठला."

मशीन गुरगुरलं. अली दोरांना धरून उभा राहिला, डोकं झटकलं आणि लगेच नाचू लागला. लॅसिटर अपराधी मनाने त्याला असा नाचवत होता, की दहाव्या फेरीपर्यंत लुई बिचारा नुसता प्रेक्षक झाला.

"थांब," मॅप म्हणाला.

"आता काय?"

"इतक्या लवकर सावरणार नाही तो. जोचा उजवा बसलाय. निदान दोन फेऱ्या पाय जड राहतील."

मशीन थांबलं. इतक्या वर्षांत मॅपने लुईच्या पदरात टाकलेलं हे पहिलंच माप.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"बापाने. रोज रात्री जेवताना."

मग दोघांनी मिळून पंधरा फेऱ्या पुऱ्या केल्या. बॉयकिनने "आता बारा असतात" म्हणून बघितलं, त्याला गप्प बसवण्यात आलं. लॅसिटरने मानेवरचे केस झाडले, कापड सोडलं आणि जोरात झटकलं.

"निकाल तू दे."

मॅपने आरशात उजवी बाजू पाहिली, डावी पाहिली. दोन्ही सारख्या होत्या.

"अली. एका गुणाने."

"एकाच?"

"म्हातारा ऐकत असेल."

"मग उद्या चर्चमध्ये भेटू, मिस्टर... जे. एल.," बॉयकिन चाचरत म्हणाला.

"जो लुई म्हण. तोंड झिजणार नाही तुझं."

मॅपने टोपी डोक्यावर ठेवली. आठवडाभर एका बाजूला अडकून बसणारी बापाची टोपी आता थेट कानांवर आली. ती त्याने काढून हातात धरली आणि तसाच, बोडक्या डोक्याने, ट्रामच्या रुळांची सरळ वाट सोडून, लांबच्या रस्त्याने घरी निघाला. केस सगळ्यांनी बघायला हवे होते.