तिच्या तोंडात बसलेलं नाव

फॉरेनमावशी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण गल्लीत दुसऱ्या नावानं विचाराल तर कोणी घर दाखवणार नाही. वीस वर्षं ती एका बर्फाच्या देशात लोकांच्या घरी आया म्हणून राहिली आणि परत आली ती गुडघेदुखी, दोन जाड कोट आणि हे टोपणनाव घेऊन. कोट इथल्या उकाड्यात काय कामाचे? ते कपाटावर गेले. टोपणनाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. बाई साधी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तरी तिच्या हातून एक गोष्ट झालीच. तिची बाजू घ्यावी की तिला चार शब्द सुनवावेत, ते ऐकणाऱ्यानं ठरवावं.

नवरा क्रेनवर होता. तो गेला तेव्हा लेक अडीच वर्षांची. थोरली नणंद घरातच शिवणकाम करायची, शाळांचे गणवेश शिवून द्यायची. तिनं लग्न केलेलं नव्हतं. ती म्हणाली, पोर मी बघते, तू जा, पाच वर्षांचा तर प्रश्न आहे. पाचाची वीस कशी झाली ते विचारू नका. दर वेळी काहीतरी निघायचंच. कधी घराचं छप्पर, कधी नणंदेचं ऑपरेशन, कधी लेकीचं शिक्षण. ही सगळी कारणं खरी होती. फक्त त्यांच्या मागे आणखी एक कारण होतं, आणि ते मावशीनं कधी कोणाला सांगितलं नाही. तिकडे एक दुसरी पोर होती.

नऊ दिवसांची होती ती, मावशीच्या हातात दिली तेव्हा. आईबाप दोघेही सकाळी जे बाहेर पडायचे ते दिवेलागणीलाच परत. पोरीचा पहिला दात मावशीच्या बोटाला लागला, पहिलं पाऊल मावशीच्या दिशेनं पडलं, ताप आला की हात मावशीचाच लागायचा. आता जीव लावायचा नाही असं ठरवून का कोणी मूल वाढवतं? फोनवर घरी बोलताना ती नुसतं ‘मालकांची मुलगी’ म्हणायची. नाव घ्यायची नाही. का घेत नव्हती, ते तिला पक्कं ठाऊक होतं. नाव घेतलं असतं तर आवाज बदलला असता, आणि पलीकडे लेक कान लावून बसलेली असायची.

मालकांची मुलगी अठरा वर्षांची झाली, दुसऱ्या शहरात शिकायला गेली. जाताना गालाला गाल लावला, गाडीतून हात हलवला. पहिल्या वर्षी एक कार्ड आलं. मग काही नाही. त्या घरातल्या म्हाताऱ्याची दोन वर्षं सेवा करून मावशी परत आली.

इथे लेक तेवीस वर्षांची घोडी झालेली. चष्म्याच्या दुकानात कामाला लागलेली, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका उमद्या मुलाशी लग्न ठरलेलं. वागायला इतकी चांगली की मावशीला रडू यायचं. चहा दिला की बशी पुसून द्यायची. बसायला खुर्ची ओढायची. आणि बोलायची ती ‘तुम्ही’ म्हणून. आत्याला ‘तू’, अगदी ‘तू गप गं’ सुद्धा, आणि जन्मदात्या आईला ‘तुम्ही’. पाहुण्यांशी बोलतात तसं. मावशी मनातल्या मनात म्हणायची, एकदा खेकस गं माझ्यावर. दोन वर्षं गेली, लग्न झालं, जावई इथेच राहायला आला, तरी लेक खेकसली नाही.

ती खेकसली बाळंतपणाच्या खोलीत. कळा वाढल्या, नर्सनं मावशीला बाहेर थांबायला सांगितलं, तशी लेकीनं तिचं मनगट धरलं. “तू कुठे चाललीस? तू जाऊ नकोस.” मनगटावर चार बोटांचे वळ उठले, ते मावशीनं दुसऱ्या दिवशी नणंदेला कौतुकानं दाखवले. त्या दिवसापासून लेक ‘तू’ म्हणायला लागली. मावशीला आणखी काही नको होतं.

मग निघाला नावाचा विषय. दवाखान्यातून आलेल्या कागदावर नावाचा रकाना रिकामा होता आणि तो पंधरा दिवसांत भरून द्यायचा होता. जावयाला असं नाव हवं होतं की हाक मारल्यावर गल्लीतल्या चार मुलींनी मागे वळून बघू नये. त्यानं यादी करून कपाटाच्या दाराला चिकटवली. लेक रोज त्यातली दोन नावं खोडायची. आत्यानं स्वतःच्या आईचं नाव सुचवून पाहिलं, तर जावयानं हसून विषय बदलला आणि आत्या दिवसभर मशीनवर तोंड फुगवून बसली.

मावशी कप पुसत उभी होती. तिच्या तोंडून ते नाव निघून गेलं.

जावयाचे कान टवकारले. कुठलं नाव म्हणे? तिकडचं, मावशी म्हणाली, तिकडे पुष्कळ जणींचं असतं. अर्थ काय? पहाटेचा उजेड. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी सगळं मिळून खोटंच होतं. कप पुसून कोरडा झाला तरी ती पुसतच राहिली. दोन वर्षांत ते नाव तिनं मोठ्यानं घेतलं नव्हतं. मोरीत नळ सोडून एकदा हळूच घेतलं होतं, आणि स्वतःचीच लाज वाटून नळ बंद केला होता. आता वाटलं, याच घरात, उजळ माथ्यानं, दिवसातून पन्नास वेळा हाक मारता येईल. हाव सुटली, दुसरं काय.

लेक बाळाला पाजत होती. तिनं नाव दोनदा पुटपुटून पाहिलं आणि म्हणाली, “असू दे हेच. तू वीस वर्षं तिकडे काढलीस. तिकडचं एखादं तरी चांगलं या घरात येऊ दे.”

तेव्हाच सांगायचं होतं. अजून कागद कोरा होता, जावयाच्या हातात पेन होतं, पण टोपण निघालं नव्हतं. पण लेक तिच्याकडे बघून हसत होती, आणि हे हसू घालवायची तिची छाती झाली नाही.

दाखला आला. कचेरीतल्या कारकुनानं म्हणे जावयाला तीनदा नाव विचारलं आणि चौथ्यांदा कागदच पुढे सरकवला, तुम्हीच लिहा म्हणून. गल्लीत तर मजाच झाली. मधलं अक्षर कोणाच्या जिभेला वळेना. शेजारीण अर्धंच म्हणायची, जावई जरा जास्तच ताणायचा, खुद्द लेक दर वेळी आधी एक श्वास घ्यायची. आत्यानं पहिल्याच दिवशी हात टेकले आणि ‘बाळी’वर भागवलं. एकट्या मावशीच्या तोंडून ते नाव गुळगुळीत निघायचं. सगळे म्हणायचे, मावशीला काय, तिची सवयच आहे तिकडच्या भाषेची. मावशीचा जीव भांड्यात पडायचा.

बाळ सव्वा महिन्याचं झालं होतं. दुपारची वेळ, पंखा गरम वारा फेकत होता, बाहेरच्या खोलीत आत्याचं मशीन चालू होतं. मावशीनं बाळाचं अंग पुसलं, पातळ झबलं चढवलं, बंद बांधले आणि लाडानं नावानं हाक मारली. लेक दारात लंगोटांच्या घड्या घालत बसली होती. दुकानात दिवसभर माणसांचे डोळे कुठे जातात तेच बघायची सवय तिला. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

“आई, हे काय केलंस?”

मावशीला कळेना.

“हात वर नेलास. पोटापासून हनुवटीपर्यंत. मग तिच्या नाकाला बोट लावलंस.”

मावशीनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि बोट अजून चिमटीत होते. काही नाही गं, सवय, ती म्हणाली.

“चार दिवस बघतेय. ‘बाळी’ म्हणतेस तेव्हा हात हलत नाही. नाव घेतलंस की जातो.” लेकीनं हातातला लंगोट मांडीवर ठेवला. “कोटाची चेन लावतेस ना तू? हिच्या अंगावर साधं झबलं आहे, आई. कोट कोणाचा आहे?”

बाईला पटकन काही सुचायला हवं होतं. लेक चिडली असती, ओरडली असती, तर कदाचित सुचलंही असतं. पण ती शांतपणे वाट बघत होती.

“मालकांच्या मुलीचं नाव आहे का हे?”

“हो.”

लेक उठली नाही. तिनं लंगोट पुन्हा उचलला, घडी घातली, घडीवर हात फिरवला. बाहेर मशीन थांबलं, दोरा बदलला असेल, पुन्हा सुरू झालं. मावशीच्या तोंडाला मग धार लागली. चुकलं माझं, आधीच सांगायला हवं होतं, जावईबापूंना सांगते, अर्ज केला तर नाव बदलून मिळतं, मी स्वतः जाते कचेरीत, दिवसभर रांगेत उभी राहते. आणि मग, आपली बाजू सावरायला म्हणून, ती म्हणाली, “त्या पोरीला हाक मारताना मला तूच दिसायचीस गं.”

“खरं बोला,” लेक म्हणाली.

‘बोला’, म्हणजे पुन्हा ‘तुम्ही’. सव्वा महिन्याची कमाई एका शब्दात गेली. आता लपवून काय उरणार होतं?

“पहिली दोन-तीन वर्षं दिसायचीस,” ती म्हणाली. “नंतर नाही. नंतर तीच दिसायची.”

असं कोणी आपल्या लेकीला सांगतं का? पण तिनं सांगितलं. निदान एवढं तरी खरं तिनं दिलं, उशिरा का होईना. लेकीचे डोळे भरून आले, तिनं ते खांद्याला पुसले. नाव बदलायचं नाही, ती म्हणाली. आता ते हिचं झालं, हिनं कोणाचं काय बिघडवलंय. एवढं बोलून ती जवळ आली आणि पलंगाच्या कडेला, बाळाच्या पायाशी बसली. इतकी जवळ की मावशीला तिच्या केसांतल्या घामाचा वास आला.

“मला हाक मारा एकदा,” ती म्हणाली. “माझ्या नावानं. हिला मारता तशी.”

एवढंच मागितलं पोरीनं. मावशीला वाटलं, देवच पावला. एक हाक, ती तर तिच्याजवळ होतीच, पोटची पोर, नाव तिनंच ठेवलेलं. तिनं ओठ ओले केले, लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि नाव घेतलं.

निघालं ते किंचाळल्यासारखं. शेवटचं अक्षर लांबवलेलं, आणि त्याला जोडूनच ‘ऐकू येतंय का?’ असा सूर. मालकांच्या घरी जिन्याखाली फोन होता, लाइन खरखरायची, आठवड्याला दहा मिनिटं मिळायची, आणि वीस वर्षं लेकीचं नाव तिनं तिथूनच घेतलं होतं, दुसरा कान बोटानं दाबून. आत्ताही तिचं एक बोट कानाशी गेलं होतं. तिनं ते घाईघाईनं खाली आणलं. पुन्हा म्हणून पाहिलं, हळू म्हणायचं ठरवून. तरी मोठ्यानंच आलं. परत आल्यापासून ‘अगं’वरच भागलं होतं, दुसरी कुठली हाक तिच्यापाशी नव्हतीच.

बाळ दचकलं आणि हंबरडा फोडून रडायला लागलं. बाहेरचं मशीन बंद पडलं. आत्या सुई हातात घेऊन धावत दारात आली, काय झालं म्हणून विचारायला लागली.

लेकीनं बाळाला उचलून खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं.

“काही नाही, आत्या,” ती म्हणाली. “आईचा फोन होता.”