तंबूला उंबरठा नसतो

सर्व मित्रांना व आप्तांना चिचगडच्या रहिवाशाचा लडाखहून नमस्कार.

मुलगा, सून आणि आमचा कुत्रा भुऱ्या यांच्यासह मी आज नुब्रा खोऱ्यात तंबूत मुक्कामास आलो. सकाळी गरम पाण्याच्या झऱ्यात पाय बुडवले, दुपारी वाळूच्या टेकड्या पाहिल्या. आमच्या चौथीच्या पुस्तकात वाळू राजस्थानात होती. येथे ती बर्फाच्या डोंगरांखाली आहे.

सायंकाळी बोचरा वारा सुटला. येथे कुत्र्यालाही तंबूत गादी मिळते. परंतु माझ्या घरी कुत्रा उंबरठ्याच्या आत येत नाही. म्हणून मी भुऱ्याला बाहेर बसण्याची आज्ञा केली.

सून म्हणाली, "मामाजी, तो कापून राहिला. काऊन बाहेर ठेवता त्याले?"

"उंबरठ्याचा नियम आहे."

"तंबूले कोठं आहे उंबरठा?"

मी वाकून पाहिले. उंबरठा नव्हता. मी भुऱ्याला आत बोलावले. तो तंबूच्या दारापर्यंत आला, शेपटी हलवली आणि तेथेच थांबला. पिल्लू असताना मीच त्याला ही शिस्त लावली होती.

"तुमचाच चेला आहे, बाबा," मुलगा म्हणाला.

अखेर मी त्याला उचलून आत घेतले. आज्ञा माझी होती. ती मागे घेण्याचा अधिकारही माझाच आहे.

आता तो स्वतःची गादी सोडून माझ्या पांघरुणावर झोपला आहे. चिचगडला परतल्यावर त्याला पुन्हा बाहेर बसवावे काय? आपले मत कळवावे. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नाही, त्यांनी कळवू नये.