दोन लॅबा आणि न ढवळलेलं दूध

काष्टीच्या लॅबनं आमच्या यांच्या रक्तातला पीएसए हवा त्याच्या दुप्पट दाखवला. डॉक्टर म्हणाले, "प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका घ्यावी, असा आकडा आहे." माझ्या तोंडातून भलतंच निघालं, "मशीन बरोबर हाय कशावरून?"

ही खोड जुनी. नवी नवरी होते तेव्हा डेअरीवाला भाव पाडायला मुद्दाम फॅट कमी लावतो, असा मला दाट संशय. एका सकाळी एकाच बादलीतलं दूध निम्मं माझ्या नावावर घातलं, निम्मं सासूबाईंच्या. दोघींचे फॅट वेगवेगळे निघाले! मी पदर खोचून साऱ्या रांगेसमोर त्याला चोर ठरवलं. तो म्हणाला, "वहिनी, वतायच्या आधी ढवळलं हुतं का?" नव्हतं. वरची साय माझ्या किटलीत, खालचं पांचट सासूबाईंच्या. एवढी हुशार सून तालुक्यात दुसरी नसावी.

तरी चार दिवसांनी यांना एसटीत बसवून नगरला नेलंच. दुसऱ्या लॅबचा आकडा आणखी वर. दोन्ही कागद मी डॉक्टरांपुढे आपटले.

"बघा! एकाच माणसाचं रक्त!"

"आजी, लॅब बदलली की आकडा थोडा हलतो. आणि तो फक्त कॅन्सरनं वाढत नाही, जंतूंनी सूज आली तरी वाढतो." मग ते यांच्याकडे वळले. "बाबा, लघवीला जळजळ होते?"

हे छताकडे बघायला लागले.

"अहो, बोला की!"

"हाय थोडी. महिना झाला."

"आन् मला सांगितलं न्हाई?"

"तू साऱ्या आळीला सांगितलं असतंस."

खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडले. मशीनवर पाळत ठेवली आणि चोर घरातच बसलेला!

लघवीत जंतू निघाले. गोळ्या झाल्या. दीड महिना थांबून पुन्हा काष्टीच्याच लॅबमध्ये रक्त दिलं. आकडा उतरला, पण पुरता नाही. तीन महिन्यांनी परत तपासायचं, तेव्हाही वरच राहिला तर एमआरआय. म्हणजे घोर अजून सुटलेला नाही.

लॅबवरचा संशय मी सोडला. आता हे मोरीतून बाहेर आले की दारातच गाठते.

"जळजळ?"

"न्हाई."

"खरं?"

"व्हय गं बाई. पटत नसलं तर मला पन दोन किटल्यांत वत."

मी हसते. पण यांच्या तोंडाकडे बघत राहते.