सायकलच्या दुकानातलं महायुद्ध

तिसरं महायुद्ध सुरू झालं, तर आपल्याला कळणार कसं? हे मी सायकलच्या दुकानात शंभरदा विचारलं. माझा मोठा भाऊ, दादा, नुसता पेपरात तोंड घालायचा. त्याला जाऊन आता सव्वा महिना झाला.

बबनशेठच्या नाशिक रोडच्या दुकानात जुन्या ट्यूबा खिळ्याला टांगलेल्या असतात. एक ओढायला जावं, तर चार अंगावर पडतात. आमच्या अड्ड्याचे किस्से तसेच आहेत. मी सातवी नापास. क्रम चुकला तर सांभाळून घ्या.

*

दादा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. संध्याकाळी बसमधून उतरला की घरी न जाता थेट दुकानात. एकदा पेपर वाचता वाचता त्याने सगळ्यांना देश वाटून टाकले. दुकान बबनशेठचं, म्हणून ते अमेरिका. रेल्वेतले साळवेकाका युनियनवाले, म्हणून रशिया. दादा स्वतः भारत, म्हणजे अलिप्त. त्याचा अर्थ एवढाच, की चहा दोघांकडून घ्यायचा!

"आणि मी?" मी विचारलं.

"तुला देश नको. तू आधी हात उचलतोस, मग विचार करतोस. तुला अणुबॉम्ब दिला तर उद्या सकाळी देवळाली शिल्लक राहणार नाही!"

*

बबनशेठनी दोन बँडचा ट्रान्झिस्टर आणला. आठवड्याच्या आत साळवेकाकांनी तीन बँडचा आणला. मग शेठनी टेबलावरचा मोठा रेडिओच आणून ठेवला. दोन्ही एकदम लागायचे. बातम्या एकाच्याही कळायच्या नाहीत.

दादा म्हणाला, "नवीन महायुद्ध असंच असतं. हत्यारं घ्यायची, पण वापरायची नाहीत. समोरच्याला दाखवायची फक्त."

"मग बातम्या कुणाच्या ऐकायच्या?"

"बंद करा दोन्ही. मी पेपर वाचून दाखवतो!"

*

एका रविवारी कॅरम निघाला. अमेरिका आणि रशिया स्वतः कधी खेळायचे नाहीत. शेठनी एक पोस्टमन पकडला, काकांनी एक गवळी. दोघं मागे उभे राहून नुसते सल्ले द्यायचे. "क्वीन घे!" "कट मार!" पोस्टमन आणि गवळी आधी एकमेकांना ओळखतही नव्हते. अर्ध्या तासात दोघांनी एकमेकांची कॉलर धरली आणि बोर्डाचे दोन तुकडे झाले.

बोर्ड शेजारच्या टेलरचा होता. तो बिचारा जेवायला गेला होता!

"बघा," दादा म्हणाला, "भांडण तुमचं, मारामारी यांची आणि नुकसान तिसऱ्याचं. आता जगात असंच चाललंय."

*

ऐंशी साली रशियाचं सैन्य अफगाणिस्तानात होतं. अमेरिकेनं मॉस्कोच्या ऑलिंपिकवर बहिष्कार घातला. त्याच उन्हाळ्यात साळवेकाका मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन दुकानात आले.

शेठ म्हणाले, "आधी सैन्य मागे घ्या. मग येतो लग्नाला!"

आम्ही पोट धरून हसलो. काकाही हसले.

शेठ खरंच आले नाहीत! मांडवात पहिल्या रांगेतली एक खुर्ची काकांनी शेवटपर्यंत अडवून ठेवली होती. नवरदेवाच्या मामालाही बसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काका दुकानात यायचे बंद झाले. पंक्चर झालेली सायकल ढकलत सिन्नर फाट्यापर्यंत न्यायचे, पण शेठच्या दारात नाही. शेठ आम्हाला म्हणायचे, "गंमत केली रे मी." ते काकांना जाऊन सांगायला मात्र तयार नव्हते.

*

पुढच्या वर्षी दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या. त्याला नाशिकच्या हॉस्पिटलात ठेवलं. दोघंही भेटायला यायचे, पण वेगवेगळ्या दिवशी. आल्या आल्या मला बाजूला घेऊन तब्येतीच्या आधी विचारायचे, "तो नाहीये ना आत?"

दादाने एकच धरून ठेवलं होतं. "देश मी वाटले रे. एकदा दोघांना एकत्र आण माझ्यासमोर."

*

गुरुवारी डॉक्टर म्हणाले, "आजची रात्र निघेल असं वाटत नाही."

मी सायकल काढली. शेठना सांगितलं, "काका माफी मागतायत, चला." काकांना सांगितलं, "शेठ रडतायत, चला." दोन्ही खोटं!

चार वाजता दोघं आपापल्या सायकली घेऊन हॉस्पिटलच्या फाटकावर समोरासमोर. दोघांनीही आधी माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं.

पास एकच होता. एका पासवर एक माणूस, आणि पाचला वॉर्ड बंद.

शेठ मला म्हणाले, "त्यांना जाऊ दे."

काका भिंतीकडे बघून म्हणाले, "त्यांना सांग, आधी तुम्ही."

"तुम्ही."

"नाही, तुम्ही."

साडेचार झाले. माझं डोकं फिरलं. मी पास टरकन मधोमध फाडला. अर्धा शेठच्या हातात कोंबला, अर्धा काकांच्या.

वॉचमन ओरडला, "ए, फाटका पास चालत नाही!"

"जोडून धरला तर?"

वॉचमनने दोघांचे चेहरे बघितले. माझाही बघितला.

"धरा जोडून," तो म्हणाला. "मध्ये फट दिसली तर दोघंही बाहेर!"

शेठनी तुकडा पुढे केला. काकांनी आपला त्याला लावला. खांद्याला खांदा घासत, एकेक पाऊल सांभाळत दोघं आत गेले.

मी दोन्ही हातांनी त्यांच्या दोन सायकली धरून, पाचची घंटा होईपर्यंत बाहेर उभा राहिलो.